मनू, फोटो मिळाला

मनू,

मणिपूरमधल्या तुमच्या रेल्वेलाइनवरच्या स्टेशनच्या बोर्डाचा फोटो मिळाला. स्टेशनचं नाव राणी गाइदिन्ल्यू. मला वाटलं कुठल्या संस्थानातली राणी असेल, तर बाबांनी दोन दिवस वाचून जेवताना रोज तेच सांगितलं, तुला माहितीये ते कसे मागे लागतात. राज्यबिज्य काही नाही गं, रोंगमै नागांची साधी खेड्यातली पोर, नेहरू १९३७ ला शिलाँगच्या तुरुंगात भेटले तेव्हा त्यांनी राणी म्हटलं. १३ व्या वर्षी जादोनांग म्हणून त्यांचाच एक पुढारी होता, त्याच्या इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत गेली, १९३१ ला इंग्रजांनी त्याला इंफाळला फाशी दिलं तर हिने पुढचं सगळं अंगावर घेतलं, गावोगाव सांगितलं घरपट्टी भरू नका, साहेबाची वेठ करू नका. ठावठिकाणा सांगेल त्या गावाला १० वर्षं घरपट्टी माफ म्हणे! ऑक्टोबर १९३२ ला पुलोमी गावात पकडली तेव्हा लाकडी किल्ल्याचं काम अर्धवट होतं. १७ वर्षांची. तू १७ व्या वर्षी प्रॅक्टिकलला जर्नल विसरलीस म्हणून मी रिक्षाने पळत आले होते.

तुमचा कॅम्प डोंगराच्या बाजूला आहे का नदीच्या? दोनदा विचारलं, तू नुसता अंगठा पाठवलास.

तुपुलचं काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण जून २०२२ ला तिथे दरड कोसळली ती रेल्वेच्या कामावरच ना, रात्री झोपेत होती माणसं. माळीणला मदतीला जाऊन नानामामा परत आला तेव्हा चिखलाचे बूट न काढताच ओट्यावर बसून राहिला होता, तू आठवीत होतीस, बघितलंयस. पाऊस वाढला की साहेब काय म्हणतात न बघता सरळ वर निघून यायचं, नोकरी दुसरी मिळेल, आणि रात्री बूट जवळ ठेवत जा आणि पॉवर बँक. झालं माझं लेक्चर. सॉरी. एअरपोर्टवर मी 'असल्या ठिकाणी कोण जातं' म्हणाले त्याचंही.

सोसायटीत मात्र सगळ्यांना सांगितलंय, नोनेच्या रेल्वेपुलाचा खांब १४१ मीटर, जवळजवळ दोन कुतुबमिनार, आणि माझी पोरगी त्या लाइनवर आहे. जोशीकाकू गप्पच झाल्या.

गाइदिन्ल्यू तुरुंगातून सुटली तेव्हा ३२ ची होती, १९४७ ला. एवढी वर्षं तिच्या आईने काय केलं असेल ते बाबांना कुठे सापडलं नाही.

मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवतेय, पत्ता पिनकोडसकट टाक. आणि त्यातच लिही, डोंगराच्या बाजूला का नदीच्या.

आई