मंत्रीजी, सोया बर्फीची ही तीन पाकिटं कुठे परत करू?

माननीय मंत्रीजी, सादर नमस्कार.

पोषण आहाराचं खातं तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुमचा वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. माझा नाही, रात्रीचे अडीच वाजलेत आणि मी एका हातानी टाइप करतेय, दुसऱ्यावर पोरगी आहे.

झालं असं की या मंगळवारी आंगणवाडीतून पोषण आहार म्हणून मला परत सोया बर्फीचंच पाकीट मिळालं. गेल्या महिन्यात जनसुनवाईला (साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) मी पोरीला मांडीवर घेऊन दोन तास बसले, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तेव्हा एका साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पंधरा दिवसांत तुम्हाला बर्फीच्या बदल्यात साधी मूगडाळ आणि तांदूळ देऊ. पंधराचे पस्तीस झाले. डाळ नाही आली, मोबाईलवर मेसेज मात्र आला, 'आपकी शिकायत का संतुष्टिपूर्वक निराकरण कर दिया गया है.' संतुष्ट कोण झालं तेवढं लिहायचं राहिलं.

आता ही बया एका पाकिटासाठी एवढं का रडतेय असं वाटेल, म्हणून सांगते. पोरगी दीड महिन्याची असताना तिच्या लंगोटात शेंबडासारखी शी आणि त्यात रक्ताच्या लाल तारा दिसल्या. डॉक्टर म्हणाले गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे, तुम्ही जे दूध पिता त्यातलं प्रोटीन तुमच्या अंगावरच्या दुधातून तिच्या पोटात जातंय. अंगावरचं सोडू नका, तुमचं दूध-दही सोडा, आणि अशा बऱ्याच बाळांना सोयाही सोसत नाही तेव्हा तोही बंद. म्हशीचं, बकरीचंही चालणार नाही. चहा काळा. सासूबाईंनी साजूक तुपातले दोन किलो डिंकाचे लाडू करून ठेवले होते, तो डबा नणंदेकडे गेला आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तुपाशिवाय बाळंतीण त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आता त्याच माझ्यासाठी नारळ-गुळातले अळिवाचे लाडू वळतात, नाचणीची भाकरी थापतात (इंदूरमध्ये नाचणी शोधणं हे वेगळंच काम आहे), डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या का विचारतात. तुमच्या खात्यापेक्षा आमच्या सासूबाई लवकर बदलल्या, हे लिहून ठेवा.

घरात जमतं. बाहेरचं काय? रिफाइंड सोया तेलात प्रोटीन जवळपास राहत नाही, ते बहुतेकांना चालतं असं डॉक्टर म्हणाले. पण सोया पीठ, सोया बडी, लेसिथिन हे शोधायचं कसं? पाकिटावर 'इमल्सीफायर 322' एवढं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असतं, मी दुकानात मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढते आणि मोठा करून वाचते, मागची लाइन वैतागते. 322 म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक सोयाचंच असतं. हे मला चार महिन्यांत पाठ झालं, एमए मराठीला एवढं पाठांतर नव्हतं केलं.

मागच्या आठवड्यात दोन टोस्ट खाल्ले, बस दोन. बेकरीवाला म्हणाला, 'अरे दीदी, दूध-वूध कुछ नी पड़ता इसमें, बेफिकर खाओ.' खाल्ले. तिसऱ्या दिवशी लंगोटात परत लाल रेघ. मैद्यात काय टाकतात ते त्यालाही माहीत नव्हतं, पोतं तयार येतं म्हणे. आतडं शांत व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे आमचे दिवस परत पहिल्यापासून मोजायचे. रात्रभर पाय पोटाशी घेऊन रडते हो ती, आणि मी माझ्या तोंडाला शिव्या घालते की दोन टोस्टसाठी काय मरत होतीस.

कायदा नाही असं नाही, मी वाचलाय. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत पॅकबंद मालावर दूध, सोया, शेंगदाणे, अंडं, मासे, गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं हे सगळं जाहीर करायचंच आहे. हॉटेलांनाही 1 जुलै 2022 पासून सांगितलं, पण सेंट्रल लायसन्स किंवा दहा दुकानं असतील तरच. म्हणजे सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, एकच ठेला असलेला माणूस सुटला, पोहे-जलेबीवाला सुटला, खुल्या शेवेचं पोतं सुटलं, आणि इंदूर खातं ते सगळं हेच! जलेबीच्या घोळात दही आहे का विचारलं तर लोक माझ्याकडे बघतात. खुल्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लावा हे 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं केलंत ना? मग त्याच पाटीवर 'दूध आहे, सोया आहे' एवढे चार शब्द लिहायला कुठली शाई कमी पडते?

आणि सोया. आमच्या गावात 1987 पासून सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आपलं मध्य प्रदेश म्हणे सोया राज्य, देशातलं बरंचसं सोयाबीन आपलंच. छान. म्हणून प्रत्येक बाळंतिणीच्या तोंडात तेच कोंबायचं? गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई म्हणजे तुमच्या रजिस्टरात एक रकाना, रकान्याला अ‍ॅलर्जी नसते. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा म्हणतो आईला किमान 6000 रुपये, मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000, उरलेले दुसऱ्या योजनेतून मिळतात म्हणे, तोपर्यंत पोरगी शाळेत जाईल. आणि 2022 मध्ये ऑडिटवाल्यांनीच सांगितलं होतं ना, पोषण आहार वाहणारे ट्रक आरटीओच्या नोंदीत मोटरसायकली निघाले? टनाटनानी माल मोटरसायकलीवर जाऊ शकतो, पण डाळीची एक थैली माझ्या घरापर्यंत नाही येऊ शकत. शहर सलग आठ वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, ओला-सुका वेगळा करायला आम्ही घरोघरी शिकलो, आणि खाण्यात काय मिसळलंय ते वेगळं सांगायला कुणी तयार नाही.

अंगावरचं दूध आटलं तर? अशा बाळांचं स्पेशल फॉर्म्युला केमिस्टकडे विचारलं, तो म्हणाला ऑर्डर देऊन मागवावं लागेल, आणि एका डब्याचा भाव ऐकून हे पीथमपूरच्या शिफ्टचे तास मोजायला लागले. सरकारी दवाखान्यात चिठ्ठीवर तरी ते मिळावं, हे मागणं फार आहे का?

बाकी राहू द्या. सोया बर्फीची तीन पाकिटं किचनच्या फळीवर आहेत. आंगणवाडीची ताई बिचारी भली आहे, ती म्हणते रजिस्टरात चढलंय, परत घेता येत नाही, कुणाला देऊन टाका. मी कुणाला देणार नाही. कुठल्या खिडकीवर आणून द्यायची आणि पावती कोण देणार, तेवढं कळवा. मंगळवारी येते.

एक आई,
लोकमान्य नगर, इंदूर