समोर डोळे नसतात तेव्हा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बोलायला बसलो की आपला दोघांचाही आवाज चढतो आणि मूळ मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहिते आहे. वर्गाच्या ग्रुपवर त्या मुलाच्या फोटोची जी टर उडवली गेली, ती तूच मला दाखवलीस. लपवलं नाहीस, याचं खूप बरं वाटलं. पण "मी कुठे काय लिहिलं, नुसता हसण्याचा इमोजी टाकला" हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही.

त्याच्या तोंडावर तू असा हसला असतास का? नसतास. कुणी पडलं तर आधी धावणारा मुलगा आहेस तू. मग फोन हातात आला की काय बदलतं? जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर एक लेख लिहिला होता. आपण दिसत नाही, समोरचा दिसत नाही, त्याचं उत्तरही लगेच येत नाही, त्यामुळे एरवी जिभेवर असलेला लगाम सुटतो, असं त्याने मांडलं. पुढे २०१२ मध्ये इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुणांना चॅटवर वाद घालायला लावून पाहिलं. नाव लपलेलं असण्यापेक्षाही, एकमेकांच्या डोळ्यांत बघता न येणं हेच बोलणं कडवट होण्याचं मोठं कारण निघालं. म्हणजे समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसले की आपण आपोआप थांबतो. ग्रुपवर हे थांबवणारं कुणीच नसतं.

सुलरने याच लेखात हेही म्हटलं होतं की लगाम सुटला की माणसं कधी कधी जास्त मायेनेही वागतात, मनातलं दुःख मोकळेपणाने सांगतात, अनोळखी माणसाला मदत करतात. ते मी तुझ्या पिढीत पाहते, म्हणून सगळा दोष मोबाइलला देऊन मी मोकळी होणार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती बघणाऱ्यांची. वर्गात दोघं भांडली तर ती एकमेकांशी भांडतात. ग्रुपवर मात्र तुमच्यातला कुणीही त्या मुलाशी बोलत नव्हता. प्रत्येक जण बाकीच्यांना हसवत होता आणि तो फक्त निमित्त झाला होता. तुझा इमोजीही त्याच्यासाठी नव्हताच. फोटो टाकणाऱ्याला "छान केलंस" म्हणून दिलेली ती पावती होती. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ मध्ये आलं, आणि तेव्हापासून अशा पावत्या मोजल्या जाऊ लागल्या. ट्विटरवरच्या वादांचा २०१७ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा नैतिक भावनेने भरलेला, जसा संतापाचा किंवा तिरस्काराचा, एकेक शब्द वाढला की ट्वीट साधारण २० टक्के जास्त पसरतं असं दिसलं. टोचून बोललं की दाद मिळते, दाद मिळाली की माणूस पुन्हा टोचून बोलतो. मोठी माणसंही यात वाहवत जातात, मग पंधरा वर्षांच्या मुलांना ही दाद किती हवीहवीशी वाटत असेल!

तरी यातून बाहेर पडायला फार काही लागत नाही. ट्विटरने २०२१ मध्ये सांगितलं होतं की झोंबणारं उत्तर पाठवण्याआधी "पुन्हा एकदा वाचता का?" एवढंच विचारल्यावर ३४ टक्के लोकांनी ते बदललं किंवा पाठवलंच नाही. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. क्षणभर थांबवलं, एवढंच. म्हणून मी तुझा फोन काढून घेणार नाही. पण कुणाचा फोटो, कुणाचं चुकलेलं वाक्य, कुणाचा आवाज हसण्यावारी नेला जात असेल, तर बोट उचलण्याआधी तो समोर बसून वाचतोय असं समज. पुढे पाठवताना तर नक्कीच, कारण एकदा स्क्रीनशॉट निघाला की तो कुणाच्याच हातात राहत नाही.

आता त्या मुलाबद्दल. त्याला आजच वेगळा मेसेज कर. ग्रुपवर माफी मागू नकोस, तीसुद्धा बघणाऱ्यांसाठीच होईल. "मी गंमत करत होतो" असं लिहू नकोस. तू हसलास आणि ते चुकलं, इतकंच लिही. त्याने उत्तर दिलं नाही तर मागे लागू नकोस, रागावायचा त्याला हक्क आहे. उद्या शाळेत भेटेल तेव्हा स्वतःहून त्याच्याजवळ जा. आणि ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला, तर "आता पुरे" असं सगळ्यांसमोर म्हण. ते मात्र तिथेच म्हणायला हवं.

तुझी,
आई