पचनटाकी बांधण्याआधी गाळ कोणता ते पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरच्या देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी निघू लागल्यापासून कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्रातल्या मलजलातूनही तसाच गॅस काढावा, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी रास्त आहे, पण मलजलात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असते. गॅस मिळतो तो गाळ हवाबंद पचनटाकीत कुजवून, आणि सगळा गाळ सारखा नसतो.

निवळण टाकीच्या तळाशी बसलेल्या ताज्या गाळात इंधन भरपूर असते. एसबीआर पद्धतीत (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन आणि निवळू देऊन पाणी शुद्ध करतात ती) मात्र ही टाकी सहसा नसतेच. ब्लोअरची हवा खाऊन जीवाणू ते इंधन आधीच संपवतात, म्हणजे वीज खर्चून आपण गॅस घालवतो! उरलेल्या जुन्या गाळावर कोट्यवधींची पचनटाकी बांधली, तर गॅस जेमतेमच मिळेल.

१०० एमएलडीच्या, म्हणजे रोज १० कोटी लिटरच्या प्रकल्पाचा ढोबळ हिशेब असा. लिटरमागे २५० मिलिग्रॅम तरंगता गाळ धरला तर रोज २५ टन होतो. निवळण टाकीत त्यातला १५ टन बसतो. पैकी सेंद्रिय सुमारे १० टन, आणि ३५ अंशांवर २० दिवसांत त्याचा निम्मा पचतो. पचलेल्या किलोला ०.९ घनमीटर धरल्यास ४,५०० घनमीटर गॅस, म्हणजे साधारण ९,००० युनिट वीज. घनमीटर पाण्यामागे ०.२ युनिट खर्च धरला तरी प्रकल्पाला २०,००० युनिट लागतात. तेव्हा विजेबाबत 'स्वयंपूर्ण' हा शब्द जपून वापरावा. अर्थात निवळण टाकीमुळे हवेचा खर्चही घटतो, तो फायदा वेगळा. (पाण्यातला नायट्रोजन काढायचा असेल तर ते काम करणाऱ्या जीवाणूंसाठी थोडे सेंद्रिय द्रव्य पुढे जाऊ द्यावेच लागते.)

बिघाड होतात ते ठरावीक ठिकाणी. आपल्या नाल्यांतून रेती फार येते. ती आधी अडवली नाही तर पचनटाकीच्या तळाशी थर साचतो आणि टाकी आतून लहान होत जाते. एकदम जास्त गाळ ढकलला की आम्ल वाढून मिथेन बनणे थांबते. आम्ल आणि क्षारता यांचे गुणोत्तर ०.३ च्या वर चढू लागले की भरणे कमी करावे, चुना नंतर. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड वीज बनवणाऱ्या इंजिनाचे तेल आम्लयुक्त करतो आणि बेअरिंग खातो. शाम्पू-क्रीममधले सिलोक्झेन (सिलिकॉनयुक्त रसायने) जळून झडपांवर वाळूसारखा थर बसवतात. त्यांच्यासाठी कार्बन फिल्टर लागतो, पण गॅस आधी थंड करून कोरडा केलेला हवा. ओल्या गॅसने कार्बन लवकर निकामी होतो.

निगमाने निविदेत इंजिनाच्या किलोवॅटपेक्षा रेती काढण्याची सोय, गॅस शुद्धीकरण आणि पाच वर्षांची देखभाल यांना जास्त गुण द्यावेत. मीटरवरचा रोजचा गॅस आणि न वापरता मशालीत (फ्लेअरमध्ये) जाळलेला गॅस वेगवेगळा जाहीर करावा.

– दोन अभियंता वाचक, इंदूर