उजेडाचा कल काढून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आभार मानू देत नाही. पैशाचा विषय काढला की "चहा ठेव" म्हणता, आणि कुणी कौतुकाचं बोलायला लागलं की उठून चपला घालता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. छोट्या सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर) लेझर बसवून अडकलेली माझ्यासारखी आणखी बरीच मंडळी आहेत, त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

वाचणाऱ्यांसाठी आधी कामाबद्दल सांगते. बेळगावच्या शहापुरात घरच्या घरी मी लाकडी नावाच्या पाट्या करते. मशीन ३०१८ जातीचं, म्हणजे कामाची जागा साधारण ३०० बाय १८० मिमी. बारीक एंड मिलनं, म्हणजे फिरत्या बिटनं, अक्षर खणायचं आणि त्याचा तळ निळ्या डायोड लेझरनं काळा करायचा. येळ्ळूर, खानापूर, निपाणी, कुठलीही पाटी असो, बऱ्याच घरांना कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं लागतात. दोन्ही तितकीच सुबक यावीत, एवढाच माझा आग्रह असतो. माणूस आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधतो, त्याच्या दारावरचं नाव फाटल्यासारखं दिसता कामा नये.

आणि नेमकं तेच होत होतं. ६ मिमीच्या प्लायवर काम बिनचूक यायचं. २५ मिमीची सागवानी फळी लावली की शिरोरेघेच्या वरच्या कडेला पांढरी चीर राहायची आणि खालच्या बाजूला खाचेबाहेर जळका पट्टा उमटायचा. लेझरचं मॉड्यूल विकणाऱ्यानं "सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट टाका", म्हणजे बिट आणि लेझरमधलं अंतर भरा, असं सांगून विषय संपवला. ऑफसेट टाकलेलाच होता. फळीची जाडी बदलली की तोच आकडा खोटा ठरायचा, आणि का ते कुणी सांगत नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हा लेझर पहिल्यांदाच बघत होतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत जन्म लेथ आणि मिलिंगवर गेलेला. पण पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो असा, की जाड फळी लावताना मी नक्की काय हलवते? या मशीनचा झेड, म्हणजे वर-खाली चाल, फार वर जात नाही, म्हणून मी मॉड्यूल जागेवरच ठेवून त्याची लेन्स फिरवून फोकस जुळवायची. ते ऐकल्यावर तुम्ही मान हलवलीत. मी गुण्या लावून दाखवला, मॉड्यूलची बॉडी टेबलाशी काटकोनात होती. तुम्ही म्हणालात, "बॉडी सरळ असूदे की. उजेड कुठं पडालाय ते बघ."

ती चाचणी जशीच्या तशी लिहिते. टेबलावर जाड कागद चिकटवायचा. झेड वर नेऊन अगदी कमी पॉवरवर एक ठिपका जाळायचा. एक्स आणि वायला (आडव्या चालींना) हात न लावता झेड ३० मिमी खाली आणायचा आणि दुसरा ठिपका जाळायचा. (मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रणालीच्या लेझर मोडमध्ये एम ४ हा हुकूम दिला तर मशीन थांबलं की लेझर बंद होतो, म्हणून इथं एम ३ लागतो.) वरचा ठिपका फोकसबाहेर असल्यानं मोठा आणि पुसट येतो, त्याचा मध्य धरायचा. किरण झेडला समांतर असेल तर दोन्ही ठिपके एकावर एक पडतात. माझे अर्धा मिलिमीटर फाकले होते, म्हणजे किरण जवळजवळ एक अंश कललेला. १९ मिमीच्या जाडीच्या फरकाला तेवढ्या कलानं तिसरा हिस्सा मिलिमीटर सरक येते, आणि पाटीवरची पांढरी चीर बरोबर तेवढीच होती! तुम्ही वर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) तिच्यावर धरून मला आकडा वाचायला लावलात, तेव्हा मला भरून आलं होतं.

आतली लेन्स जरा एका बाजूला बसली असली तरी किरण वाकडा निघतो, बॉडी कितीही सरळ असो. मग तुम्ही कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्याच्या शिम, म्हणजे फटीत घालायच्या पातळ पट्ट्या, केल्यात, एक पट्टी साधारण ०.१ मिमीची. कल मागे-पुढे असेल तर ब्रॅकेटच्या वरच्या नाहीतर खालच्या स्क्रूखाली शिम, डावीकडे-उजवीकडे असेल तर स्क्रू ढिले करून ब्रॅकेटच किंचित फिरवायचं. एक शिम, दोन ठिपके, परत शिम. दोन्ही ठिपके एक झाल्याशिवाय तुम्ही मला ऑफसेटला हात लावू दिला नाही. त्यानंतर टोकदार बिटनं एक भोक, त्याच शून्यावर लेझरनं अधिकचं चिन्ह, आणि दोन्हींतलं अंतर वर्नियरनं मोजलं. तो आकडा आता कुठल्याही फळीला चालतो.

दुसरी तक्रार काना दातेरी येण्याची होती. लेझर जाताना आणि येताना दोन्ही वेळा जाळतो, त्या ओळी एकमेकींखाली बसत नव्हत्या. सगळे म्हणत होते बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रू-नटात जाणारी ढिलाई. तुम्ही तोच नमुना आधी ५०० आणि मग २००० मिमी प्रति मिनिट वेगानं काढायला लावलात. दाते दोन्हीकडे सारखेच असतील तर स्क्रू-नटातला प्ले, वेगाबरोबर वाढले तर लेझर पेटायला होणारा उशीर. माझे सारखेच आले. डायल (बारीक हालचाल मोजणारं साधन) लावून तुम्ही प्ले दाखवलात आणि नटाची स्प्रिंग बसवून दिलीत. ही परीक्षा मला फार मोलाची वाटते, कारण चुकीच्या जागी दुरुस्ती करण्यात माणसाचे पैसे आणि उमेद दोन्ही जातात.

मॉड्यूलसोबत आलेल्या चष्म्यावर तरंगलांबी छापलेली नव्हती, म्हणून तुम्ही तो बाजूला ठेवलात. ४५० नॅनोमीटरचा आणि ओडी (किरण किती अडवतो तो आकडा) लिहिलेला चष्मा येईपर्यंत मशीनचं बटण दाबू दिलं नाही. "अक्षर परत काढता येतंय, डोळा नाही," एवढंच बोललात. त्याबद्दल माझ्या आईनंही तुम्हाला वेगळा नमस्कार सांगितलाय.

काका, उद्यमबागेतल्या तुमच्यासारख्या माणसांच्या हातात किती विद्या आहे, ते आम्हा नव्यांना ठाऊकच नसतं. तुम्ही ती अंगणात बसून, स्वतःचा डायल आणून, हातचं न राखता दिलीत. मी मनापासून ऋणी आहे.

आणि एक विनंती. निपाणीच्या एका मुलाचं लेझर असंच सरकतंय. ठिपक्यांची चाचणी त्यानं केली, ठिपके फाकलेत, पण शिम लावूनही एक होत नाहीत. मला वाटतं त्याचं ब्रॅकेटच लवतंय. तुम्हाला जमेल त्या रविवारी तो मशीन घेऊन माझ्याकडे येईल. चष्मा आधीच घ्यायला सांगितलाय.

तुमची,
शहापूर, बेळगाव