क्रात्कीला राहू द्या

अंधेरी, मुंबई
२ एप्रिल २०२५

प्रिय दत्ता,

पाडव्याच्या शुभेच्छा तीन दिवस उशिरा देतोय, रागावू नकोस. रविवारी गुढी उभारली, श्रीखंडही आणलं, पण शनिवारी रात्री इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, बेंगळुरूने आपल्या मुंबई सिटीला मारलेले ते पाच गोल डोक्यातून जात नव्हते. आपल्या कोचबद्दल, पेत्र क्रात्कीबद्दल, तुझा मेसेज मॅच संपायच्या आतच आला होता, "आता तरी कोचला घरी पाठवा." त्या मेसेजला फोनवर दोन ओळीत उत्तर देणं मला जमलं नसतं, म्हणून आज शांतपणे बसून लिहितोय.

तुझ्याइतकंच मलाही लागलंय. ५–० हा काय स्कोअर आहे? त्यातून याच कांतीरवा मैदानावर, याच बेंगळुरूला, अठराच दिवसांपूर्वी आपण २–० हरवून प्लेऑफमध्ये शिरलो होतो. म्हणजे संघ निकामी झालेला नव्हता आणि कोचचं डोकंही चालत होतं. मग शनिवारी काय झालं, याचा विचार करताना माझं मन पाचव्या गोलवर अडतं. तो कोणी मारला? होर्हे पेरेरा डियाझने. गेल्या वर्षी ४ मेला, अंतिम सामन्यात, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागान १–० पुढे असताना बरोबरी साधून देणारा डियाझ तो हाच. तू तेव्हा भाचीच्या लग्नासाठी मुंबईत आला होतास आणि आपण माझ्याकडे टीव्हीसमोर उभे राहून ओरडलो होतो. त्याच दिवशी ३–१ जिंकून आपण करंडक आणला. कोच तेव्हाही पेत्र क्रात्कीच होता, आणि त्याला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

आता त्या उन्हाळ्यात काय घडलं ते आठव. डियाझ बेंगळुरूला गेला. नोगुएरा बेंगळुरूला गेला. राहुल भेके, आपल्या मुंबईचा पोरगा, तोही परत बेंगळुरूला गेला. अपुइया मोहन बागानला गेला. ग्रेग स्टुअर्ट तर त्याआधीच, मोसमाच्या मध्यावर निघून गेला होता. मिडफिल्डचा कणा गेला, गोल करणारा गेला, मागे उभं राहून ओरडणारा गेला. ब्रँडन आला, तोराल आला, कारेलिस आला, पण नवीन माणसं आली म्हणजे संघ झाला असं नसतं. आधीच्या मोसमात २२ सामन्यांत ४७ गुण होते, या वेळी २४ सामन्यांत ३६. हे अकरा गुण एकट्या क्रात्कीच्या नावावर टाकायचे का? मला ते पटत नाही. ज्याच्या घरातून भांडी नेली, त्यालाच स्वयंपाक बिघडला म्हणून बोलायचं?

तू म्हणशील, दरवर्षी सगळेच क्लब खेळाडू गमावतात. बरोबर आहे. म्हणूनच तुला २०२२ची आठवण करून देतो, कारण आपल्याच क्लबाने हे सगळं एकदा भोगलंय. कोच लोबेराने शिल्ड (साखळीत पहिला येण्याचं) आणि करंडक (प्लेऑफ जिंकण्याचा) दोन्ही जिंकून दिले आणि तो गेला. खेळाडूही गेले, ओग्बेचे हैदराबादला, बूमू आणि अमरिंदर कोलकात्याला. ऐन मोसमाच्या तोंडावर डेस बकिंगहम कोच म्हणून आला आणि आपण पाचवे आलो, प्लेऑफच्या बाहेर. तेव्हाही तू मला हेच म्हणाला होतास. मीही मान हलवली होती, हे कबूल करतो. पण क्लबाने त्याला ठेवलं. महिनाभरात, ११ एप्रिल २०२२ला, रियाधमध्ये आपण इराकच्या एअर फोर्स क्लबाला २–१ हरवलं. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जिंकलेला पहिला भारतीय क्लब! विजयी गोल भेकेचा, कॉर्नरवर डोक्याने. पुढच्या मोसमात सलग १८ सामने न हरता शिल्ड घेतलं, २० सामन्यांत ५४ गोल मारले. बकिंगहमला आम्ही मार्चमध्येच घालवलं असतं तर यातलं किती बघायला मिळालं असतं?

मँचेस्टर युनायटेडच्या कोच फर्ग्युसनचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही. प्रत्येक जण तेच देतो, आणि ते खरं म्हणजे काहीच सिद्ध करत नाही. जो टिकला आणि जिंकला तो लक्षात राहतो. ज्याला चार वर्षं ठेवूनही काही झालं नाही, त्याचं नाव कोणाला आठवतं? मला त्यापेक्षा नेदरलँड्सच्या लीगचा एक अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८६ ते २००४ या काळात तिथे ज्यांनी कोच काढले, त्या क्लबांचे निकाल नंतर सुधारले. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी कोच ठेवला, त्यांचेही निकाल तसेच सुधारले. म्हणजे वाईट काळ बहुतेक वेळा आपोआप सरतो आणि त्याचं श्रेय नव्या माणसाला मिळतं. यालाही अपवाद आहेतच. चेल्सीने २०१२मध्ये आणि २०२१मध्ये मोसमाच्या मध्यावर कोच बदलला आणि दोन्ही वेळा युरोपचा चषक उचलला. पण चेल्सीकडे तेव्हा खेळाडू होते. आपला प्रश्नच खेळाडूंचा आहे.

आणि खालिद जमीलला कसं विसरतोस? कुपरेजच्या मैदानावर आपण दोघांनी मुंबई एफसी (मुंबई सिटी नव्हे, तो जुना वेगळा क्लब) बघितलीय, लोकल पकडायच्या घाईत शेवटची दहा मिनिटं उभ्याने. खालिद २००९मध्ये कोच झाला. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत, खेळ बघायला रुक्ष. लोक वैतागायचे, "नुसता बचाव करतो." पण सात वर्षांत त्याने संघ एकदाही खाली जाऊ दिला नाही. २०१६मध्ये क्लब आणि तो वेगळे झाले. पुढच्याच मोसमात क्लबाने मध्यावर आणखी एकदा कोच बदलला, संघ तळाला गेला, खालच्या श्रेणीत पडला, आणि पुढे क्लबच बंद झाला. त्याच मोसमात खालिदने काय केलं? मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग, तेव्हाची देशातली पहिल्या श्रेणीची लीग, जिंकून दिली. आदल्या वर्षी खाली पडलेल्या, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेल्या संघाला! मला अजूनही ते आठवलं की घसा दाटतो, कारण तो माणूस आपल्याच मैदानावर उभा होता आणि आपल्याला त्याची किंमत कळली नाही. परवा पाडव्याच्या संध्याकाळी त्याच्या जमशेदपूरने शिलाँगला जाऊन नॉर्थईस्टला २–० हरवलं. मी ती मॅच एकट्याने बघितली.

यात माझं स्वतःचं दुखणंही आहे, ते तुला माहीत आहे. मी ज्या शाळेचा कोच होतो, त्या शाळेने चौथ्या पराभवानंतर मला बोलावून "धन्यवाद" म्हटलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ओंकार म्हणून उंच पोरगा होता, फॉरवर्ड खेळायचा. मी त्याला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, करत होतो. तीन महिने त्याला फक्त उभं कुठे राहायचं ते शिकवलं, त्या तीन महिन्यांत गोल खाल्ले आणि मॅच हरलो. त्याला नुकतं कळायला लागलं होतं. नव्या सरांनी आल्या आल्या त्याला परत पुढे टाकलं. पोराने वर्षभरात खेळणं सोडलं. मला काढलं याचं वाईट वाटलं, पण ते ओसरलं. ओंकारचं ओसरलेलं नाही. कोच बदलला की अर्धवट शिकलेली पोरं मध्येच लटकतात, हे टीव्हीवर दिसत नाही.

म्हणून क्रात्कीच्या चुका मला दिसत नाहीत असं समजू नकोस. २४ पैकी ९ सामने बरोबरीत! हे मला पराभवांपेक्षा जास्त सलतं. छांगटे आणि बिपिन दोन्ही बाजूंनी धावतात आणि मध्ये बॉल घ्यायला माणूस वेळेवर पोचत नाही, हे आपण अंधेरीत बसून महिनोन्‌महिने बघितलं. ते त्याला सुधारावंच लागेल. आणि खेळाडूंनी त्याचं ऐकणं सोडलं असेल, तर माझा सगळा युक्तिवाद मागे. ड्रेसिंग रूम गेलेला कोच ठेवण्यात अर्थ नसतो, मग तो कितीही शहाणा असो. पण ११ मार्चला हरून चालणार नव्हतं तेव्हा याच पोरांनी त्याच्यासाठी जीव काढला. ऐकणं सोडलेला संघ असा खेळत नाही.

माझी मागणी साधी आहे. क्रात्कीला राहू द्या, गोल मारणारा एक माणूस आणि मिडफिल्डला अपुइयाच्या तोडीचा एक जण त्याला आणून द्या, आणि मग डिसेंबरमध्ये हिशेब मागा. तेव्हाही असंच चाललं असेल तर तुझ्या मेसेजवर मी सही करीन.

तुमच्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेसना केवढी गर्दी असते, ते तू सांगतोस तेव्हा हेवा वाटतो. इथे परवापासून वीरा देसाई रोडने जाताना क्रीडा संकुलाचं बंद गेट बघवत नाही. आज रात्री बेंगळुरू गोव्याशी खेळतंय, ते मी बघणार नाही. उद्याचं जमशेदपूर मात्र बघणार, खालिदसाठी. तूही लाव, मध्यंतराला फोन कर.

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना नमस्कार, चिंगीला खूप पापे.

तुझा,
विनय