मावशी, माझे दिवस तुम्ही मोजलेत

ती. मावशींना सा. न. वि. वि.

तुम्हाला वाचता येत नाही. नातू मोबाइलवर वाचून दाखवील. त्यानं लाजू नये. पत्र पाळीबद्दल आहे आणि आजीपुढे त्यानं ते मोठ्यानं वाचावं, अशीच माझी इच्छा आहे.

डिसेंबरातली गोष्ट. द्राक्षबागेचा छाटणीपासून ५२वा दिवस होता, थॉमसन जातीच्या घडांतले जास्तीचे मणी काढायची विरळणी चालली होती. तुमची सुरगाण्याची टोळी पहाटेच्या गारठ्यात मांडवाखाली हात वर करून कात्र्या चालवत होती. मी हजेरीची वही घेऊन बांधावर उभी होते. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी उभी होते. फवारणीच्या ब्लोअरवरची पोरं ट्रॅक्टर वळवत होती. तेवढ्यात तुम्ही कात्री कमरेला खोचून आलात आणि माझ्या पाठीशी उभ्या राहिलात. डाग पडला होता, हे मला तेव्हा कळलं. मग एक रिकामं कॅरेट पायानं उलटं केलंत, डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून त्याची चौघडी घातलीत आणि म्हणालात, "टेका, वहिनी."

एवढंच. कुणाला हाक नाही, चौकशी नाही. मी बसल्यावर हळूच म्हणालात, "आज नववा दिस हाय तुमचा. अवसेच्या दुसऱ्या दिशी सुरू झाली. गेल्या बारीलाबी अशीच लांबली व्हती."

मावशी, माझा नववा दिवस मला माहीत नव्हता. माझ्या नवऱ्याला नव्हता, सासूबाईंना नव्हता. "बायकांना होतच असतं," असं घरात सगळे म्हणत होते, मीसुद्धा. माझे दिवस मोजत होतात तुम्ही, जिची मजुरी माझ्या वहीवर ठरत होती.

आणि त्या वहीत मी काय लिहिलं होतं, ते मला इथे सांगायलाच हवं. त्याच आठवड्यात तुमच्या टोळीतली एक पोरगी दुपारी पोट धरून बांधावर आडवी झाली होती. मी तिच्या नावापुढे अर्धा दिवस लिहिला. तुम्ही ते पाहिलंत आणि गप्प राहिलात. तरी टॉवेल माझ्याखाली घातलात. आठवलं की अजून घसा दाटतो.

त्याआधी मी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. दीड तास बाकावर, तीन मिनिटं आत. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "मुलं किती?" दोन म्हटल्यावर, "मग पिशवी काढून टाकू." माझं वय ३८. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. पाळीत खाडा पडला की दंड, म्हणून पाळीच नको, असा तिथला हिशेब होता. मी तेव्हा हळहळले होते. हजेरीची वही माझ्याही हातात होती, हे मात्र लक्षात आलं नाही.

आपल्याकडे बागेचे दिवस शाळकरी पोरालाही पाठ असतात. कितव्या दिवशी डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, कितव्या दिवशी विरळणी, सगळं छाटणीपासून मोजायचं. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. आणि माल निघाला की खरड छाटणीआधी बागेला विश्रांती द्यायची, नाहीतर पुढच्या वर्षी घड धरत नाही. वेलीला विश्रांती लागते यावर आमच्या घरात कुणी कधी वाद घातलेला नाही.

माझं माहेर पंचवटीचं. आजीच्या वेळी 'कावळा शिवला' की चार दिवस कोपऱ्यात, वेगळी चटई, वेगळं तांब्या-भांडं. हल्ली काहीजण सांगतात की ती बाईला विश्रांती होती. मला ते पटत नाही. जिला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत, तिला विश्रांती दिली असं कसं म्हणायचं? तुम्ही मला शिवलात, डोक्याचा टॉवेल दिलात. आपल्या भाषेत पाळीला ऋतू म्हणतात, पावसाळ्याला म्हणतात तोच शब्द. आजीच्या कोपऱ्यात मला तो कधी कळला नाही, तुमच्या कॅरेटवर कळला.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलंत. हिमोग्लोबिन ७.६ निघालं, बारा तरी हवं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी?" आणि उत्तर तुम्ही दिलंत. त्यांनी नीट तपासलं, औषधं दिली, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका म्हणून दोनदा बजावलं. पिशवी जागेवर आहे. रक्त आता ११च्या वर आहे.

फवारणीच्या वहीत मी आता समासात माझेही दिवस लिहिते. बागेचा ७०वा, माझा चौथा. २४, ३५ असं वेडंवाकडं चालणारं चक्र आता २७ ते ३१मध्ये असतं. पाळी संपल्यावरचा आठवडा पाय हलके असतात, मधल्या दिवसांत अंगावरून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं चिकट जातं, आणि शेवटच्या आठवड्यात छाती दुखते, पोरांवर आवाज चढतो. तो आवाज कुठून येतो हे कळल्यापासून निम्मा कमी झाला. तुमच्यासारखं चंद्रावर मोजूनही पाहिलं. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, माझा कधी त्याच्या पुढे, कधी मागे. पण तुम्ही तरी कुठे म्हणाला होतात की चंद्र पाळी आणतो? तुमच्यासाठी ती आकाशातली वही आहे, लिहिता न येणाऱ्या बाईला दिवस विसरू न देणारी.

काढणीला व्यापारी दारात असतो, तेव्हा कुणाचाच दिवस बघून काम थांबत नाही, हे खरंच आहे. पण बसून करायचं काम असतं, आणि ते कुणाला द्यायचं हे आता तुमच्या पद्धतीनं ठरतं. अर्धा दिवस आमच्या वहीतून गेला. त्या पोरीचे पैसे मी दिलेत. माफी मागायची राहिली आहे, तिलाही छाटणीला घेऊन या.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला न्हाण आलं. तिनं तारीख स्वतःहून लिहिली, माझ्याच वहीत, माझ्या ओळीखाली.

तुमचा टॉवेल माझ्याकडेच राहिलाय. दोनदा धुतला, डाग पुरता गेला नाही. ऑक्टोबरात याल तेव्हा नवा देईन. जुना मात्र मला राहू द्या.

तुमची,
दिंडोरीची वहिनी