उडून जात नाहीत का?

ग्लॉस्टरशर, इंग्लंड
जुलै अखेर

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "अंडी विकत नाहीस, कापत नाहीस, मग ही बदकं पाळतेस कशाला?" आई मध्येच बोलायला लागली आणि उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर बघायला. इथे पुष्कळांना हा नाद आहे. आमच्या शेजारच्या काकांना वयामुळे तळं झेपेना, तेव्हा त्यांची पाखरं माझ्याकडे आली: मँडरिनची दोन जोडपी आणि चक्रवाकाचं एक. चक्रवाक विणीच्या दिवसांत भलतेच भांडकुदळ होतात, म्हणून मध्ये जाळी घातलीय.

मँडरिनचा नर थंडीत बघावा. पाठीवर नारिंगी पिसांची दोन शिडं, गालावर पांढरा पट्टा. आत्ता मात्र सगळा थाट उतरलाय. पिसं झडून तो मादीसारखा करडा झालाय, चोच तेवढी लाल राहते, त्यावरून ओळखायचा. मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते, म्हणून खांबावर लाकडी पेटी बसवलीय. तळाला भुसा, आतल्या बाजूला खरखरीत जाळीची पट्टी. महिनाभर उबवून पिल्लं निघाली की दुसऱ्या दिवशी ती पट्टी धरून तोंडाशी चढतात आणि खाली उडी टाकतात. पंख नाहीत, भीती नाही. आई खालून हाका मारत असते.

चक्रवाक म्हणजे थंडीत आपल्या नांदूर मधमेश्वरला उतरतात तेच. ते लडाख-तिबेटकडे वीण करून येतात; माझ्याकडचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातले, तिबेट त्यांच्या पणज्यानेही पाहिलं नसेल. रात्री जोडी ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते म्हणतात ना? आमची दोघं शेजारी शेजारी झोपतात आणि तरीही ओरडतात.

आता तुमचा खरा प्रश्न: उडून जात नाहीत का? जातील की. म्हणून एका पंखाची मोठी पिसं कापतात. तोल जातो, उडता येत नाही. नखं कापल्यासारखंच, दुखत नाही. पण पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावी लागतात. दुसरी रीत म्हणजे पिल्लू काही दिवसांचं असतानाच पंखाचं टोक सांध्यापासून छाटून टाकायचं. मग जन्मात उडणं नाही. ते मी करणार नाही. त्यापेक्षा तळ्यावर जाळं घालीन.

आणि नुसतं मोकळं सोडून देणं हाही गुन्हाच आहे, 1981 चा कायदा आहे. त्याला कारणही तसंच आहे. इथून जवळच स्लिमब्रिजला पीटर स्कॉट यांनी 1946 मध्ये पाणपक्ष्यांची संस्था काढली. तिथे अमेरिकेतून रडी डक नावाची लहान बदकं आणली होती. त्यातली काही निसटली, हजारोंनी वाढली आणि पार स्पेनला पोचली. तिथलं पांढऱ्या डोक्याचं बदक 1977 मध्ये अवघं 22 वर आलं होतं, कसंबसं सावरत होतं. त्याच्याशीच यांचा संकर होऊ लागला. शेवटी ब्रिटनमध्ये सरकारने रडी डक गोळ्या घालून संपवत आणले. बदकांचा काय दोष? नीट कोंडलं नाही ते माणसांनी.

बाकी खाणं साधं आहे, गहू आणि पाणपक्ष्यांचं तयार खाद्य. पाव अजिबात नाही. कोल्ह्यासाठी विजेची तार आहे. बर्ड फ्लूमुळे 2024 च्या ऑक्टोबरपासून एक पाखरू असलं तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. साथ वाढली की सगळ्यांना जाळीखाली कोंडायचा हुकूम निघतो, तेव्हा फार कटकट होते.

गणू हळदी-कुंकू बदकाची अंडी आणून कोंबडीखाली ठेवायचं म्हणत होता, त्याला आधी थांबवा. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने रानपाखरं पाळता येत नाहीत.

दिवाळीनंतर नांदूरला चक्रवाक आले की कळवा. फोटो नको, तुमच्या मोबाइलवर सगळं धुरकट येतं. किती होते आणि कुठल्या काठाला, एवढं लिहा.

आईला नमस्कार.

आपली,
सुमन